महाजनांनो, अग्रशाळेची एक दुपार बायकांना द्या

गोव्यातील सर्व देवस्थान समित्यांना आणि देवस्थानांचा कारभार पिढीजात पाहणाऱ्या महाजन मंडळींना,

सादर नमस्कार.

डिसेंबर जवळ आला की आपल्याकडे दोन तयाऱ्या एकदम सुरू होतात. एक जत्रांची, दुसरी १९ तारखेच्या मुक्तिदिनाची. मुक्तिदिनाला झेंडा, संचलन, भाषणे आणि स्वातंत्र्यसैनिकांचा सत्कार. सत्काराला स्वतःच्या पायांवर उभे राहू शकतील असे सैनिक आता फार थोडे उरले आहेत, त्यामुळे शाल बऱ्याचदा मुलाच्या नाहीतर सुनेच्या खांद्यावर पडते. माझी विनंती या दोन्ही तयाऱ्यांना धरून आहे, म्हणून ती सरकारला न करता आपल्याला करते आहे. १९४६ ते १९६१ या पोर्तुगीजांविरुद्धच्या लढ्याच्या काळात ज्यांचे नवरे, मुलगे, भाऊ आग्वादच्या तुरुंगात होते, सरहद्दीपलीकडे लपून होते किंवा नुसतेच मुंबईत अडकून पडले होते, त्या बायका आपले गाऱ्हाणे घेऊन कुठल्या कचेरीत जाणार? त्या तुमच्या देवळात आल्या. त्यांनी काय मागितले, सोबत कोण होते, घरी परत जाऊन चुलीवर काय चढवले, याची नोंद मला तरी कुठल्या वहीत सापडलेली नाही. त्यांतल्या ज्या हयात आहेत त्यांचे बोलणे टिपून घेण्यासाठी देवळाची अग्रशाळा, म्हणजे आवारातली यात्रेकरूंच्या उतरण्याची जागा, एक दुपार उघडून द्या, एवढेच मागणे आहे.

जे नोंदले गेले ते मोठेच आहे. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी सभाबंदी मोडली, त्या दिवसांत पुढे आलेल्यांत वत्सला कीर्तनी ही तरुण मुलगी होती. ६ एप्रिल १९५५ ला म्हापशात नॅशनल काँग्रेस गोवाच्या अध्यक्ष म्हणून सुधाताई जोशी भाषण वाचायला उभ्या राहिल्या आणि तिथेच पकडल्या गेल्या. मित्रा बीर यांना बारा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा त्या बाविशीत होत्या. लिबिया लोबो यांनी वामन सरदेसाई यांच्यासोबत १९५५ च्या नोव्हेंबरपासून थेट मुक्तीपर्यंत सरहद्दीपलीकडच्या रानातून रेडिओ चालवला. शंभरी गाठल्यावर, २०२५ मध्ये, त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ही नावे मी शाळेत मुलांकडून पाठ करून घेत असे, आणि मुलेही ती खुशीने म्हणत. या पुढे गेलेल्या. मला विचारायचे आहे ते मागे राहिलेल्यांबद्दल.

१५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला आणि इतर नाक्यांवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, वीसहून अधिक माणसे पडली. त्यानंतर भारत सरकारने १ सप्टेंबरला पणजीतली आपली वकिलात बंद केली. कॅसलरॉकहून कुळ्याला उतरणारी आगगाडी थांबली, मालाची ये-जा थांबली, मनीऑर्डरी थांबल्या. नाकेबंदी होती पोर्तुगीजांविरुद्ध. पोर्तुगीजांनी काय केले? दाबोळीला विमानतळ उघडला, पाकिस्तानातून तांदूळ, हॉलंडहून बटाटे, सिलोनहून चहा मागवला, आणि खनिजाच्या बोटी भरभरून परदेशी पाठवून पैसा उभा केला. राज्यकर्त्यांची पानात वाढायची सोय झाली. पण परळच्या गिरणीतल्या किंवा गिरगावातल्या खाणावळीतल्या मुलाकडून दर महिन्याला येणारे पैसे कुठल्या विमानाने येणार होते? ज्या घराची शेती पावसाळ्यापुरती आणि बाकीचे वर्ष मुंबईच्या मनीऑर्डरीवर, त्या घरात सप्टेंबरनंतर काय शिजले हे त्या घरातल्या बाईशिवाय कुणाला सांगता येणार नाही.

आणि लेकी. पेडण्याची मुलगी सावंतवाडीला दिलेली, काणकोणची कारवारला, सत्तरीची खानापूरकडे. ही सोयरीक पिढ्यान् पिढ्यांची, मध्ये दोन सरकारांची हद्द आहे हे लग्न जमवताना कुणी मनात आणत नसे. आता गणेशचवथीला माहेरी यायचे तर परवाना हवा. पुष्कळ घरांत आईने गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधली आणि लेकीवाचून चवथ झाली. राजकारणाच्या इतिहासात हे तुटलेले माहेर कुठेच येत नाही. येईल तरी कसे, ज्यांनी इतिहास लिहिला त्यांना माहेर नव्हते.

आता देवळाकडे येते. आपल्या बऱ्याच देवळांत देवाला प्रसाद लावतात, हे मी आपल्याला काय सांगायचे. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि कुठली पाकळी आधी पडते याकडे डोळे लावून बसायचे. सोयरीक, जमीन, दुखणे यांसाठी बायका प्रसाद लावीतच होत्या. त्या वर्षांत प्रश्न बदलले. पोलीस चौकीत जाऊन माझा माणूस कुठे आहे असे विचारायची सोय नव्हती. विचारणारीच्या घराची झडती व्हायची भीती. कोठडीत काय होते हे गावांना कळून चुकले होते. अस्नोड्याचे बाळा राया मापारी १९५५ मध्ये पोलिसांच्या हातून हालहाल होऊन गेले, ती बातमी छापायला कुणी धजले नाही तरी ती वाड्यावाड्यांत पोचली. लग्नाची पत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे असा तो काळ. तेव्हा जी गोष्ट फौजदाराला विचारता येत नाही ती देवीला विचारायची. जिवंत आहे का? मारले तर नाही ना? परत येईल तो चालत येईल ना? पाकळी उजवीकडची पडली की बाई घरी जाऊन पेज करी आणि पोरांना जेवायला घाली. डावी पडली की दुसऱ्या दिवशी दुसऱ्या देवळात. कुणी याला अंधश्रद्धा म्हणेल. म्हणो. ज्या राज्यात एकाही खऱ्या बातमीला वाट नव्हती, तिथे या बायकांनी रात्र काढण्यापुरता आधार शोधला, आणि तो तुमच्या गर्भगृहाच्या उंबऱ्याशी मिळाला.

उपासही वाढले. सोमवार होताच, त्याला एकादशी जोडली, मग संकष्टी. त्यांतले काही उपास देवाला होते आणि काही घरातला तांदूळ महिनाअखेरपर्यंत पुरावा म्हणून होते, असे एका आजींनी मला हसत हसत सांगितले. कुठला उपास कुठल्या खात्यातला हे त्यांनी घरच्यांना कधी कळू दिले नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम लिहिते, कारण ती देवळाच्या आवारातच घडली. आपल्याकडे दिवजां होतात. सुवासिनी हातात पेटते दिवज घेऊन देवळाभोवती फेरी घालतात. आमच्या बाजूच्या एका गावात अशाच एका दिवजांच्या रात्री एक सून मागे उभी राहिली. नवऱ्याला नेऊन बरेच महिने झाले होते, पत्र नाही, निरोप नाही. तिने दिवज घ्यायचे की नाही? घ्यावे तर, देव न करो, तो गेलेला असला तर? न घ्यावे तर आपणच त्याला मारल्यासारखे. चार बायका कुजबुजल्या, दोघींनी तोंड फिरवले. मग तिच्या वाड्यावरची एकजण पुढे झाली, स्वतःच्या दिवजावरून तिची वात पेटवली आणि तिचा हात धरून फेरीत घेतले. ती पुढे झालेली बाई त्या घरची कुणी नव्हती. दोघी एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या, एवढेच नाते. नवरा पुढे सुटून आला. पण तो आला नसता तरी त्या रात्रीचा निकाल मला बरोबरच वाटला असता. ज्या बाईने हे सांगितले ती तेव्हा परकरातली पोर होती. आज ऐंशी उलटून गेली आहे. महाजन मंडळी, त्या रात्री धर्म कोणी सांभाळला याचा निवाडा तुम्ही करा. तुमच्या नोंदवहीत त्या रात्रीचे तेल आणि नारळ तेवढे सापडतील.

मैत्रीचा विषय निघाला आहे तर आमच्या क्रिस्तांव शेजारणींना वगळून चालणार नाही. हे लिहिले की काही भुवया उंचावतील, पण ज्या म्हाताऱ्यांचे मी ऐकते त्यांच्या बोलण्यात त्या पानोपानी येतात. कारण वाट बघणे ही गोष्ट त्या आमच्याआधी शिकल्या होत्या. १९३९ ते १९४५ च्या युद्धात पोर्तुगाल तटस्थ होते, म्हणून गोवाही तटस्थ. मुरगावच्या बंदरात जर्मन बोटी आश्रयाला उभ्या होत्या आणि १९४३ च्या मार्चमध्ये कलकत्त्याहून गुपचूप आलेल्या ब्रिटिशांनी त्यांतल्या एहरेनफेल्सवर रात्री छापा घातला, ही हकीगत रंगवून सांगणारे पुष्कळ भेटतात. पण बंदर तटस्थ असले म्हणून बोटींवर नोकरी करणारे तारवटी थोडेच तटस्थ होते? साळशेत-बारदेशातले शेकडो पुरुष ब्रिटिश बोटींवर बटलर, खलाशी, आचारी होते. मुंबईहून आफ्रिकेला निघालेली तिलावा ही बोट २३ नोव्हेंबर १९४२ ला जपानी पाणबुडीने बुडवली, २८० माणसे गेली, त्यांत गोंयकारही होते. अशा वेळी बातमी आधी मुंबईत धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे गावकऱ्यांच्या उतरण्याच्या खोल्यांत, यायची आणि तिथून महिन्या दोन महिन्यांनी गावात. तोवर बायकोने काय करायचे? संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचे, गावच्या खुरसाकडे, क्रुसापाशी, लादाईन ही सामुदायिक प्रार्थना करायची, आणि तांदूळ निवडायचे. तोही मिळाला तर. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला तसा तिकडून येणारा तांदूळ बंद पडला आणि ती टंचाई हिंदूंच्या चुलीलाही तेवढीच लागली.

तेरा-चौदा वर्षांनी जेव्हा आमच्या बायकांची पाळी आली तेव्हा शेजारची ही जुनी तारवट्याची बायको पाठीशी उभी राहिली. पत्र आले नाही म्हणजे माणूस गेला असे धरून चालायचे नसते, त्याचे कपडे पेटीत बांधायचे नाहीत, धुऊन दोरीवर वाळत घालायचे, म्हणजे पोरांना तो येणार असे वाटत राहते, अशी शिकवण तिच्याकडून मिळाली. बोटीवरच्या मुलाचे पैसे तिच्याकडे आले की त्यातून उसने मिळत. परत करताना पैशांऐवजी नारळ दिले तरी चालत. आमच्या बाईने तिच्या वतीने देवीला ओटी भरली, तिने आमच्या माणसाच्या नावाने सायबिणीपुढे, म्हणजे मरियेपुढे, मेणबत्ती लावली. यात नवल काहीच नाही. शिरगावच्या लईराई देवीकडून म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला तेल जाते, कारण त्या दोघी बहिणी, हे आपण सगळे जाणतो. देवतांनी ठेवलेले नाते बायकांनी चालवले. पुरुषांनी नंतर त्यावर परिसंवाद घेतले.

तरी कृपा करून हे सगळे गोड करून मांडू नका. मी ज्यांच्याशी बोलते त्यांतल्या काहीजणी नवऱ्यावर अजून चिडलेल्या आहेत. देशासाठी गेला, बरे झाले, पण जाताना घरात शेरभर तांदूळ तरी ठेवला होता का, असे एकीने मला विचारले. एकीचा नवस होता की याच्या डोक्यातले खूळ जाऊ दे आणि हा नोकरीला लागू दे. पोर्तुगीज राहोत नाहीतर जावोत. तो नवसही देवीनेच ऐकला असेल ना? काही मैत्र्या त्याच वर्षांत कायमच्या तुटल्या. कुणाच्या घरातून बातमी पोलिसांकडे गेली याचा संशय एकदा शिरला की विहिरीवर बोलणे बंद. खरे-खोटे कधी कळले नाही, आणि आता दोघींपैकी एकच उरली आहे. शाल-श्रीफळाच्या समारंभात असले कुणी बोलत नाही. म्हणूनच समारंभ नको, बसून बोलणे हवे.

लढाई स्वतः दीड दिवसात आटोपली. १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब पडले, बांबोळीचे बिनतारी केंद्र उडाले, पोर्तुगीजांनी माघार घेताना बाणस्तारीचा पूल पाडला, आणि १९ ला पणजीत आपले जवान पोचले. फोंड्याच्या बाजूच्या बायका त्या दोन रात्री पोरांना घेऊन कुठे होत्या? कुणी देवळात येऊन राहिले होते का? अग्रशाळेची दारे कुणी उघडली? हे तुमच्याच आवारातले प्रश्न आहेत. त्याआधीच्या आठवड्यात, १२ तारखेला, इंडिया नावाच्या बोटीत दाटीवाटीने भरून पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या बायका-मुले लिस्बनला गेली. त्यांचे नवरे मे १९६२ पर्यंत इथे युद्धकैदी होते. त्या बायकांनीही कुठेतरी मेणबत्त्या लावल्याच असतील. आणि आमच्यांतल्या काहींची वाट १९ डिसेंबरला संपली नाही. स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगातून १९६९ च्या जानेवारीत सुटले, तेलो मास्कारेन्यस त्याच्याही पुढच्या वर्षी.

आपल्यापैकी काहीजण म्हणतील, देवळात हे कशाला, मंडप घालून पंचायतीत करा. पंचायतीत केले की पुढच्या दोन रांगा पुढाऱ्यांच्या, आणि ध्वनिक्षेपक समोर आला की म्हातारी बाई भाषण करते, नाहीतर गप्प बसते. अग्रशाळेत ती पाय पसरून बसते. तिला तिथली जागा ओळखीची आहे, सून तिथे तिला एकटी सोडून जाते, आणि सून उठून गेली की खरे बोलणे सुरू होते. दुसरा आक्षेप येईल, क्रिस्तांव बायकांना बोलावणार का? होय, बोलवायचे आहे. तिसरा कुणी उघड म्हणणार नाही, म्हणून मीच म्हणते. महाजनांच्या यादीत पिढ्यान् पिढ्या पुरुषांचीच नावे चालत आली, बायकांचा देवस्थानाच्या कारभाराशी संबंध काय? यावर वाद घालायला हे पत्र नाही, तो वाद दुसऱ्या दिवशी जरूर घालू. इथे एवढेच विचारते, की त्या वर्षांत पुरुष तुरुंगात, रानात आणि मुंबईत असताना आरतीला टाळ कोणाच्या हातात होते?

कसे करायचे याचा विचार आमच्या महिला भजनी मंडळाने करून ठेवला आहे. पौषात ढालो, म्हणजे बायकांचे गाण्या-नाचाचे खेळ, असतात, बायका तशाही जमतात. त्याच्या आधीचा एखादा सोमवार धरू. प्रत्येक आजीजवळ एक मुलगी बसेल, शक्यतो तिची नात नको, कारण नातीसमोर आजी सगळे सांगत नाही. मोबाईलवर आवाज तेवढा टिपायचा. चित्रण ज्यांना चालेल त्यांचेच. १९५५ मध्ये अठरा वर्षांची नवी नवरी असलेली बाई आज नव्वदीला टेकली आहे, तेव्हा दमली की थांबायचे आणि पुन्हा तिच्या घरी जायचे. प्रश्न सोपे ठेवायचे: नवस कुठला बोललात आणि फेडलात का, पोरे कोणी सांभाळली, तांदूळ कुठून आला, कोणाशी बोलणे तुटले, आग्वादच्या तुरुंगात भेटीसाठी मांडवीपलीकडे बेतीला उतरून पुढे कशा गेलात, सोबत कोण होती. ढालोच्या नाहीतर फुगडीच्या गाण्यात त्या वर्षांतली एखादी ओळ शिरली असेल तर तीही घ्यायची. बोलणे बहुतेक कोंकणीत होईल. ते तसेच ठेवून मराठीत टिपण करण्याचे काम आम्ही निवृत्त शिक्षिका करू. एक प्रत देवस्थानाकडे, एक पणजीला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊ, आणि ज्या बाईने नाव नको म्हटले तिचे नाव कुठेही येणार नाही.

खर्चाचे म्हणाल तर काही नाही. पंखे चालू हवेत, पिण्याचे पाणी हवे, आणि पायऱ्यांशी धरायला कुणीतरी हवे. देवस्थानाने याबद्दल फलक लावू नये, देणगी मागू नये, उद्घाटनाला कुणाला बोलावू नये. ही अट आमची आहे आणि ती सोडणार नाही.

दर जत्रेला गेल्या वर्षी दिसलेला एखादा चेहरा दिसत नाही, हे आपणही पाहता. तेव्हा पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत थांबू नका. आपल्या समितीचा होकार आला की अग्रशाळेची किल्ली कोणाकडे असते तेवढे कळवा. चहा-फराळाचे आम्ही बघू.

आपली नम्र,
फोंडा महालातील एक निवृत्त मराठी शिक्षिका,
महिला भजनी मंडळाच्या वतीने